सहा महिने 'लसूण' वापरली: स्पार्कल क्वेरीची एपीआय करून देणारं जीआरएलसी

आधी नावाचं क्लिअर करतो, कारण मी स्वतः पहिले दोन आठवडे "जी आर एल सी" असं एकेक अक्षर सुटं म्हणत होतो. त्याचा उच्चार गार्लिक. पूर्ण नाव गिट रिपॉझिटरी लिंक्ड डेटा एपीआय कन्स्ट्रक्टर. स्पार्कल म्हणजे लिंक्ड डेटाला, म्हणजे एकमेकांना पत्त्यांनी जोडलेल्या माहितीला, प्रश्न विचारायची भाषा; हे टूल त्या प्रश्नांची एपीआय करतं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला नुसत्या यूआरएलवरून उत्तर देणारी खिडकी. याच्या आधी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी याच कामाचं बेसिल नावाचं टूल काढलं होतं, म्हणजे एकाने सब्जा पेरला तर दुसऱ्याने लसूण लावली. माझ्या घरी तर "आज लसूण चालत नाहीये" असं मी फोनवर कुणाला तरी बोललो आणि आईने आतून विचारलं, चालत नाही म्हणजे, श्रावण लागला का.

तर झालं असं, की आमचा एक ट्रेकिंगचा ग्रुप आहे, तिथे एक रिटायर्ड सर आहेत ज्यांना किल्ल्यांची माहिती गोळा करायचा नाद, आणि मित्राचा धाकटा भाऊ अँड्रॉइडवर ग्रुपचं अ‍ॅप करतोय. डेटा कुठून आणायचा तर मी म्हटलं विकिडेटावरून (विकिपीडियावाल्यांचा खुला डेटाबेस) घेऊ, फुकट आहे, कुणीही दुरुस्त करू शकतं, मराठी नावं आहेत (सगळ्यांना नाहीत, ते पुढे सांगतो). आता विकिडेटातून हवं ते काढायचं म्हणजे स्पार्कल लिहायचं, आणि स्पार्कल म्हटलं की त्या पोराचा चेहरा पडतो. "दादा, ते तू बघ, मला फक्त यूआरएल दे, त्यातून जेसन आलं की बास." (जेसन म्हणजे प्रोग्रॅमला सहज वाचता येईल असा मांडलेला मजकूर.) मी पहिल्यांदा काय केलं, तर सगळे जण करतात तेच, पायथनमध्ये छोटा सर्व्हर लिहिला, क्वेऱ्या तीन अवतरणचिन्हांच्या स्ट्रिंगमध्ये कोंबल्या, एकेका यूआरएलला एकेक फंक्शन. दोन तासांत झालं पण. मग सरांना तालुका हवा, मग उंची हवी, मग पोराला फोटो हवा, आणि प्रत्येक वेळी मी क्वेरी बदलणार, कोड बदलणार, डॉक्युमेंटेशन बदलायचं विसरणार, सर्व्हर रिस्टार्ट करणार. महिन्याभरात त्या फाईलकडे बघवेना.

जीआरएलसी नेमकं इथे कामाला येतं. आयडिया इतकी साधी आहे की आपल्याला का नाही सुचली असं वाटतं. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, एक रिपो (फाईलींचं फोल्डर) करायची, त्यात प्रत्येक क्वेरी वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची, एक्स्टेन्शन डॉट आरक्यू. फाईलचं नाव तेच एपीआयच्या रस्त्याचं नाव. क्वेरीच्या डोक्यावर हॅश आणि प्लस टाकून दोन-चार ओळी (यांना मी पुढे शेरे म्हणतो) लिहायच्या, स्पार्कलच्या दृष्टीने त्या नुसत्या कॉमेंट, पण जीआरएलसी त्या वाचतं: समरी काय, एंडपॉइंट कुठला, म्हणजे क्वेरी कुठल्या पत्त्यावर पाठवायची, मेथड गेट की पोस्ट, टॅग काय. बास. मग जीआरएलसीच्या पत्त्यापुढे एपीआय, त्यापुढे तुमचं गिटहबचं नाव, रिपोचं नाव असं टाकलं की समोर स्वॅगरचं, म्हणजे एपीआय ब्राउझरमध्येच वापरून बघायचं, तयार पान उघडतं, सगळे रस्ते ओळीने मांडलेले, प्रत्येकाला ट्राय करायचं बटण. सर्व्हरचा एक अक्षर कोड मी लिहिलेला नाही. क्वेरी पुश केली की एपीआय बदलली, डॉक्युमेंटेशन त्याच फाईलमध्ये असल्याने ते विसरायची सोयच राहिली नाही.

हे आलं कुठून तेही इंटरेस्टिंग आहे. २०१६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्रिये युनिव्हर्सिटीतल्या आल्बर्ट मेरोन्यो-पेन्युएला आणि रिंके हूकस्ट्रा या दोघांनी हे मांडलं, नंतर क्लॅरिया नावाच्या डच मानव्यविद्या प्रोजेक्टखाली ते वाढलं. मेरोन्यो-पेन्युएला त्याआधी नेदरलँड्सच्या जुन्या जनगणना, १७९५ ते १९७१ पर्यंतच्या, लिंक्ड डेटात आणायच्या कामावर होते. म्हणजे समोरचा ग्राहक कोण, तर इतिहासाचा अभ्यासक. त्याला आकडे पाहिजेत, स्पार्कल नको. आमच्या सरांचं आणि त्या डच अभ्यासकांचं दुखणं एकच निघालं की! मी सरांना फक्त स्वॅगरच्या पानाची लिंक पाठवली, जिल्ह्याच्या रकान्यात जिल्हा निवडा आणि निळं बटण दाबा एवढंच सांगितलं, आणि पत्त्याच्या शेवटी डॉट सीएसव्ही लावलं की एक्सेलमध्ये उघडता येतं हेही. त्या दिवसापासून सरांचा फोन कमी झाला, आणि आला तर "अमुक किल्ला यादीत नाही" असा, "यादी पाठव" असा नाही.

पॅरामीटरची पद्धत मला सगळ्यात आवडली, आणि डोकंही तिनेच सगळ्यात खाल्लं. ही पद्धत मूळ बेसिलवाल्यांची, जीआरएलसीने उचलली. क्वेरीतल्या व्हेरिएबलचं नाव अंडरस्कोरने सुरू केलं की तो एपीआयचा पॅरामीटर झाला. दोन अंडरस्कोर दिले तर तो ऐच्छिक. नावाच्या शेवटी अंडरस्कोर आयआरआय (लिंक्ड डेटात वस्तूचं पत्त्याच्या रूपातलं नाव) लावलं तर दिलेली किंमत पत्ता म्हणून भरली जाते, इंटिजर लावलं तर आकडा म्हणून, आणि भाषेचा कोड लावला, म्हणजे अंडरस्कोर एमआर, तर ती मराठी भाषेचा शिक्का असलेली अक्षरं म्हणून. हे शेवटचं मला जाम भारी वाटलं, कारण विकिडेटात प्रत्येक नावाला भाषेचा शिक्का असतो आणि तो जुळला नाही तर अक्षरन् अक्षर सारखं असूनही उत्तर येत नाही. पण अक्षरन् अक्षर हा शब्द लक्षात ठेवा. विकिडेटात कुणी "अमुकगड किल्ला" असं लिहून ठेवलंय आणि तुम्ही "अमुकगड" टाकलंत, तर शून्य उत्तरं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शून्य. नावाने शोधायचं असेल तर क्वेरीत फिल्टर लावून आत अंशतः जुळणी करावी लागते, ते जीआरएलसी तुमच्यासाठी करत नाही, करायची अपेक्षाही नाही.

आणि आता माझी फजिती. जिल्हा हा आयआरआय पॅरामीटर ठेवला होता. ब्राउझरमध्ये विकिडेटाचं जिल्ह्याचं पान उघडलं, वरचा पत्ता कॉपी केला, रकान्यात टाकला. उत्तर आलं, स्टेटस २००, सगळं ओके, आणि यादी रिकामी. दुसरा जिल्हा, रिकामी. क्वेरी विकिडेटाच्या स्वतःच्या पानावर चालवली तर धडाधड किल्ले. रात्री साडेबारापर्यंत मी जीआरएलसीला शिव्या घालत होतो, जीआरएलसीचा डॉकर कंटेनर (माझ्याकडे चालणारी त्याची प्रत) दोनदा उडवून परत उभा केला. कारण काय निघालं, तर ब्राउझरमधला पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो आणि त्यात मधे विकी असतं, पण डेटाच्या आत त्याच वस्तूचा खरा आयआरआय साध्या एचटीटीपीने सुरू होतो आणि मधे एन्टिटी असतं. लिंक्ड डेटात हा पत्ता म्हणजे नाव, एक अक्षर बदललं की तो माणूसच दुसरा. तो दुसरा माणूस अस्तित्वात नाही, पण म्हणून स्पार्कल एरर देत नाही, ते म्हणतं बरं, त्याच्या हद्दीत एकही किल्ला नाही. चूक शंभर टक्के माझी. फक्त एवढंच, की हे असं मधलं टूल घातलं की चूक कुठल्या मजल्यावर आहे ते शोधायला एक मजला वाढतो.

यावर उपाय त्यांच्याकडेच होता, एन्युमरेट नावाचा शेरा. तो लावला की त्या पॅरामीटरला येऊ शकणाऱ्या किमती जीआरएलसी आधीच एंडपॉइंटला विचारून आणतं आणि स्वॅगरच्या पानावर ड्रॉपडाऊन येतं. सर जे निवडतात ते हेच. पण फुकट काही नसतं, पान तयार करताना जास्तीची क्वेरी पळते, त्यामुळे पान उघडायला वेळ लागतो, आणि ड्रॉपडाऊनमध्ये "सातारा" वगैरे दिसत नाही, लांबलचक पत्ते दिसतात. सरांसाठी मी शेवटी कागदावर छत्तीस जिल्ह्यांचे क्यू-नंबर (विकिडेटातला प्रत्येक वस्तूचा नंबर) लिहून दिले. हसू नका, त्यांनी तो कागद लॅमिनेट केलाय.

दुसरं एक ज्यात नवीन माणूस हमखास अडकेल: विकिडेटाच्या क्वेरीच्या पानावर प्रीफिक्स (लांब पत्त्यांची आखूड नावं) न लिहिता चालतं, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात, म्हणून नेटवरच्या अर्ध्या क्वेऱ्या प्रीफिक्सशिवायच सापडतात. जीआरएलसी क्वेरी पुढे पाठवण्याआधी स्वतः वाचून बघतं, पॅरामीटर कुठले आहेत ते काढायला, आणि आतमध्ये पायथनची आरडीएफलिब ही लायब्ररी आहे तिला डब्ल्यूडीटी हा प्रीफिक्स म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. सगळे प्रीफिक्स वर लिहा, अगदी लेबल सर्व्हिसचेसुद्धा (वस्तूंची नावं आणून देणारी विकिडेटाची सोय). तसंच विकिडेटाचं इंजिन ब्लेझग्राफ आहे आणि त्याच्या स्वतःच्या काही सवलती आहेत, जसं नाव दिलेल्या उपक्वेऱ्या, त्या मूळ स्पार्कल १.१ मध्ये नाहीत, त्यामुळे इथे बसत नाहीत. मला एक क्वेरी त्यापायी पूर्ण फिरवून लिहावी लागली. लिहिल्यावर ती जास्त स्वच्छ झाली हेही खरं.

पेजिनेशन छान आहे. शेऱ्यात पेजिनेशन १०० लिहिलं की शंभर-शंभरची पानं होतात, पॅरामीटरमध्ये पेज येतं आणि पुढच्या-मागच्या पानाचे दुवे हेडरमध्ये मिळतात, गिटहबच्या एपीआयमध्ये असतात तसे. पण ऑर्डर बाय लिहायला विसरू नका हो. पोराने सांगितलं की एक किल्ला दोनदा दिसतो आणि दुसरा कुठला तरी गायबच आहे, कारण क्रम बांधला नसेल तर एंडपॉइंट प्रत्येक वेळी त्याच क्रमाने देईल अशी काही हमी नसते. परत, यात लसणीचा दोष नाही.

आलेल्या जेसनचा आकार. स्पार्कलचं उत्तर जेसनमध्ये येतं ते आत रिझल्ट्स, त्यात बाइंडिंग्ज, त्यात प्रत्येक किमतीला परत टाइप आणि व्हॅल्यू, अशी कांद्यासारखी सालं. पोर म्हणालं, "दादा, नाव काढायला चार वेळा कंस उघडायचा?" त्यासाठी ट्रान्सफॉर्म नावाचा शेरा आहे, त्यात पाहिजे तो साचा द्यायचा, मग जेसन सुटसुटीत येतं. साचा लिहिणं एकदा समजायला त्रास होतो, शेऱ्याच्या एका ओळीत जेसन कोंबायचं म्हणजे डोळे फुटतात, पण एकदा बसलं की अ‍ॅपवाला खूश.

हां, आणि अक्षांश-रेखांश. विकिडेटा जागा देतो ती पॉइंट असं लिहून कंसात दोन आकडे, आणि त्यात रेखांश आधी. नकाशाच्या बऱ्याच लायब्रऱ्या मागतात अक्षांश आधी. पोराने आहे तसे टाकले. रायगड साधारण १८.२ उत्तर, ७३.४ पूर्व, उलटे केले तर कुठे जाईल बघा, नॉर्वेच्याही वर, बेअर आयलंडच्या खालच्या समुद्रात. राजधानीचा जलदुर्ग झाला. ग्रुपवर स्क्रीनशॉट दोन दिवस फिरत होता. आता मी क्वेरीतच दोन्ही आकडे वेगळे काढून देतो.

होस्टिंगचं बोलू. तयार चालू असलेला सार्वजनिक सर्व्हर जीआरएलसी डॉट आयओ या पत्त्यावर आहे, हात साफ करायला तिथेच सुरुवात करा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पण अ‍ॅप त्याच्या भरवशावर सोडू नका, परक्याच्या ओसरीवर दुकान मांडल्यासारखं होतं. डॉकर इमेज आहे, एका ओळीत उभी राहते, ८०८८ पोर्टवर आमची दहा मिनिटांत चालली. पायथनच्या पिप या इन्स्टॉलरनेही घालता येतं. गिटहबचं टोकन (तुमची ओळख पटवणारी किल्ली) मात्र पहिल्या दिवशीच द्या, टोकन नसेल तर गिटहब तासाला ६० विनंत्याच घेऊ देतं, आणि रिपोत वीस-पंचवीस फाईली असल्या तर दोन-चार वेळा पान रिफ्रेश केलं की संपलं. टोकनवर ती मर्यादा ५००० होते. गिटहब नकोच असेल तर लोकल फोल्डरमधूनही क्वेऱ्या वाचतं, मी डेव्हलपमेंटला तेच वापरतो.

एक गोष्ट डॉकर उभं करताना कुणी सांगत नाही. एंडपॉइंट यूआरएलमधूनही देता येतो, आणि तुम्ही फाईलमध्ये लिहिलेल्यापेक्षा तो वरचढ ठरतो. अभ्यासकासाठी मस्त सोय, तीच क्वेरी दुसऱ्या डेटावर पळवून बघता येते. पण तुमच्या सर्व्हरला कुणीही कुठल्याही पत्त्यावर जा म्हणू शकतं हे मला पटेना, म्हणून एंडपॉइंट इन यूआरएल हा शेरा मी सगळ्या फाईलींत फॉल्स करून ठेवलाय.

खरी मर्यादा वेगळीच आहे. जीआरएलसी मधला माणूस आहे, माल त्याच्याकडे नाही. विकिडेटा एका क्वेरीला ६० सेकंद देतो, त्यापुढे तोडतो, आणि एका ग्राहकाला मिनिटाला एकूण ६० सेकंदांचाच प्रोसेसिंगचा वेळ. आता गंमत बघा, पोराच्या अ‍ॅपमधून शंभर लोक थेट विकिडेटाला गेले असते तर ते शंभर ग्राहक, पण माझ्या सर्व्हरमार्फत गेले की विकिडेटाला तो एकच ग्राहक दिसतो, मी. एका रविवारी सगळे एकदम गडावर निघाले आणि सकाळी सहाला ४२९, म्हणजे "फार विनंत्या झाल्या" असे एरर, यायला लागले. त्यात माझी जिल्ह्याची क्वेरी महाग होती, कारण विकिडेटात किल्ला थेट जिल्ह्याला बांधलेला असेलच असं नाही, गावाला असतो, गाव तालुक्याला, तालुका जिल्ह्याला, ती साखळी चढत जायचं तर इंजिनाला घाम फुटतो. मग पुढे एनजिनएक्स नावाचा सर्व्हर बसवला आणि उत्तरं एक दिवस साठवून ठेवायला सांगितली. किल्ले साडेतीनशे वर्षं जागचे हललेले नाहीत, काल रात्रीचा डेटा चालतो.

मराठी नावांचं म्हणालो होतो. लेबल सर्व्हिसला भाषा सांगताना आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम दिला, म्हणजे मराठी नसेल तर निदान पुढचं येतं. कुठलंच नसेल तर क्यू आणि नंबर येतो, आणि अ‍ॅपमध्ये किल्ल्याच्या नावाच्या जागी क्यू-अमुक बघून लोक मला फोन करतात. तर सरांनी आता विकिडेटावर खातं काढून ती नावं भरायला घेतलीत. त्यांनी भरलं की दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये दिसतं, मला काही करावं लागत नाही, आणि यात मधे जीआरएलसी आहे हे सरांना माहीतही नाही. त्यांच्या मते मी "वेबसाइट सुधारली".

बाकीच्यांशी तुलना थोडक्यात. बेसिल जावात आहे, क्वेऱ्या स्वतःच्या डेटाबेसात ठेवतं, आमच्यासारख्या तीन माणसांच्या कारभाराला ते ओझं. ओपनसायटेशन्सवाल्यांचं रॅमोस आहे, तेही पायथन, सगळी एपीआय एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहायची, ज्यांना गिटहबशी बांधून घ्यायचं नाही त्यांनी ते बघावं, आणि उत्तर आल्यावर त्यावर पायथनचे संस्कार करायचे असतील तर मला ते उजवं वाटलं. एल्डा जुनं, जावाचं, कॉन्फिगरेशनच आरडीएफमध्ये (लिंक्ड डेटा लिहायची पद्धत) लिहायची, मी वाचलं आणि बंद केलं. लिहिण्या-बदलण्याचं, लॉगिनचं, पैशाचं काही असेल तर यातलं काहीच घेऊ नका, सरळ नेहमीचा बॅकएंड लिहा. मी माझ्या कामाला पाचपैकी चार देईन, एक कापला तो एरर मेसेजसाठी, एंडपॉइंट खोकला की आपल्याला नुसता ताप दिसतो, कारण काय ते लॉग उघडून बघा.

कमिटचं राहिलं. यूआरएलमध्ये कमिटचा हॅश (गिटमध्ये नोंदवलेल्या त्या बदलाचा ओळख-नंबर) टाकला की एपीआय त्या दिवशी जशी होती तशीच मिळते, मी क्वेरी कितीही बदलली तरी. अ‍ॅपच्या स्टोअरवरच्या जुन्या आवृत्त्या याच्यावर बिनबोभाट चालू आहेत, नवीन आवृत्तीला नवा हॅश. फक्त क्वेरी गोठते हं, डेटा नाही.

गेल्या आठवड्यात त्या पोराची पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल रिपोत घ्या अशी विनंती, आली. स्पार्कल तू बघ म्हणणाऱ्याने गोव्याच्या किल्ल्यांसाठी स्वतः डॉट आरक्यू फाईल लिहिलीये, महाराष्ट्राची कॉपी करून क्यू-नंबर बदलून, वर समरी मराठीत, प्रीफिक्स सगळे जागच्या जागी, रेखांश-अक्षांशही बरोबर. ऑर्डर बाय नाहीये. मर्ज केलेली नाही अजून.